'मामा, धरा त्याला!' : मनोरुग्ण वॉर्डातली जात



अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत एक पद असतं. क्रायसिस प्रिव्हेन्शन टेक्निशियन असं काहीसं त्याचं नाव. रुग्ण बिथरण्याआधीची चिन्हं ओळखायची, बोलून त्याला शांत करायचं आणि दुसरा कुठलाच इलाज उरला नाही तरच, त्याला इजा होणार नाही अशा रीतीने धरायचं, हे त्या माणसाचं काम. त्यासाठी त्याला शिकवलं जातं. आपल्याकडे हे पद नाही. काम मात्र आहे. रोज आहे, प्रत्येक पाळीत आहे. ते करणाऱ्या माणसाला आपल्या दवाखान्यांत 'मामा' म्हणतात आणि बाईला 'मावशी'. सरकारी कागदावर तो कक्षसेवक असतो, ठेकेदाराच्या हजेरीपटावर नुसता 'हेल्पर'.

हा लेख त्या मामा-मावश्यांबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मनोरुग्ण वॉर्डात माणसाच्या अंगाला हात घालायचं काम ज्यांच्यावर ढकललं जातं ते हात आपल्या वस्त्यांतले आहेत आणि त्या हातांखाली दाबली जाणारी अंगंही बहुतेक आपल्याच वस्त्यांतली. म्हणून या कामाला पद, प्रशिक्षण, पगार आणि आरक्षण मिळवणं ही आंबेडकरी चळवळीची मागणी असली पाहिजे. हा दवाखान्याचा आतला मामला आहे असं म्हणून आपण हात झटकू शकत नाही.

एम.ए. झाल्यावर मराठवाड्यातल्या एका खाजगी मनोरुग्णालयात मी पावणेदोन वर्षं नोकरी केली. ऑर्डरवर 'समाजसेवक' लिहिलं होतं. प्रत्यक्षात नातेवाइकांकडून सह्या घ्यायच्या, बिलं समजावून सांगायची आणि माणसं कमी पडली की धरायला जायचं. रात्रपाळीला वॉर्डात दोन मामा आणि एक सिस्टर. डॉक्टर फोनवर.

नवीन रुग्ण बहुधा रात्रीच येतो. जीपमधून. चार-पाच नातेवाईक, तीन रात्री कुणाचा डोळ्याला डोळा नाही. "देवाला जाऊन येऊ" नाहीतर "पाहुण्याकडं जाऊ" असं सांगून त्याला आणलेलं असतं. गेटवर बोर्ड दिसला की त्याला कळतं, आपल्याला फसवलंय. मग तो ओरडतो, हात झटकतो, पळायला बघतो. मी म्हणतो, तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं? फसवून आणलेला कुठलाही शहाणा माणूस तेच करेल. पण केसपेपरवर 'आक्रमक' असा शब्द पडतो, सिस्टर आवाज देते, "मामा, धरा त्याला!" आणि पुढच्या दोन मिनिटांत त्याचे हातपाय खाटेच्या चार कोपऱ्यांना बांधलेले असतात. बँडेजच्या पट्ट्यांनी, कधी जुन्या चादरीच्या चिंध्यांनी. सुई दिली जाते. डॉक्टरांची परवानगी नंतर फोनवर येते.

हे बघून बघून अंगवळणी पडतं. माझ्याही पडलं असतं, तिथं एक जुने मामा नसते तर. सातवी शिकलेले, आधी हमाली करायचे. त्यांची पाळी असली की बांधायची वेळ क्वचितच यायची. ते करायचे काय? आधी नातेवाइकांना बाहेर काढायचे, कारण ज्यांनी फसवलं तेच समोर उभे असतील तर राग उतरणार कसा. मग दारात उभे न राहता बाजूला उभे राहायचे, म्हणजे दार मोकळं दिसतं. समोरासमोर न येता जरा तिरकं, दोन हात लांब. बोलणारा माणूस एकच, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आवाज खाली. आणि पहिला प्रश्न कायम एकच, "जेवलास का रं बाबा?" तीन दिवस न जेवलेला, न झोपलेला माणूस या प्रश्नापाशी बऱ्याचदा थांबतो. पाणी मागतो. रडतो. खाली बसतो. नाही बसला तर आणखी वीस मिनिटं जातात. मामांना घाई नसायची. घाई व्यवस्थेला असते.

या सगळ्याला इंग्रजीत डी-एस्कलेशन म्हणतात, त्याची पुस्तकं आहेत, महागडे कोर्स आहेत. १९८० पासून अमेरिकेत एक संस्था हेच शिकवते. आमच्या मामांना ते कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांच्याकडून ते शिकून घ्यावं असंही कुणाला वाटलं नाही.

दुसरी गोष्ट तर याहून मोठी. एक पोरगा रात्रभर वॉर्डात येरझाऱ्या घालायचा. बसला की पाय हलायचे, उठला की पुन्हा चालू. नवा स्टाफ म्हणाला, माजलाय, आणखी एक सुई द्या. मामा म्हणाले, "सिस्टर, ह्ये सुईनंच झालंय. दोन दिवसांआधी नव्हतं." आणि ते बरोबर होते. मनोविकाराच्या काही औषधांनी, खास करून हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी, अंगात अशी अस्वस्थता येते की माणसाला जागेवर राहवत नाही. वैद्यकशास्त्रात त्याला अकॅथिसिया असं नाव आहे. तो आजाराचा जोर समजून डोस वाढवला तर त्रास आणखी वाढतो. ज्याच्या नजरेला हे आधी पडतं त्या माणसाला रुग्णाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायचा अधिकार नाही. तो फाइल उचलून इकडून तिकडे नेतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण आपल्या पोरांना कायदा पाठ असला पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. लागू झाला २९ मे २०१८ रोजी. त्याचं कलम ९७ नीट वाचा. मनोरुग्णाला एकांतकोठडीत ठेवायला पूर्ण बंदी. बांधायचं कधी? त्याला स्वतःला किंवा इतरांना तात्काळ इजा होण्याचा धोका टाळायचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच आणि तेही त्या रुग्णावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने. गरजेपेक्षा एक क्षण जास्त नाही. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ बांधलं हे लगेच रुग्णाच्या कागदात नोंदवायचं. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधायचं नाही. कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधायचं नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय! रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. अशा प्रत्येक प्रसंगाचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा. कलम ९५ प्रमाणे साखळीने बांधणं कोणत्याही परिस्थितीत गुन्हा. कलम १८ प्रमाणे उपचारात जातीवरून भेदभाव करता येत नाही. कलम २० प्रमाणे सक्तीने डोकं भादरता येत नाही आणि इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालता येतात.

डोकं भादरण्याबद्दल कायद्याला वेगळं लिहावं लागलं, यातूनच आत काय चालत आलंय ते कळतं. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला गॉफमन शिकवला होता. १९६१ सालच्या त्याच्या पुस्तकात तो सांगतो की असली संस्था माणूस आत येताच त्याचं नाव, कपडे, चीजवस्तू काढून घेते आणि त्याला नुसता 'रुग्ण' करून टाकते. बरोबर आहे. पण गॉफमनच्या दवाखान्यात जात नव्हती. आपल्याकडे काही माणसं दारातून आत यायच्या आधीच कमी केलेली असतात.

मी होतो तिथलं बांधण्याचं रजिस्टर महिन्याच्या शेवटी भरलं जायचं. एका बैठकीत, एकाच पेनाने. त्यातली प्रत्येक नोंद 'अर्धा तास' होती. एकदा धरताना एका रुग्णाचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी मामा बदलला. ठेकेदाराने नवा पाठवला. बाकी काहीही बदललं नाही. रात्रीला तेच दोन मामा, त्याच चिंध्या. कायद्याने जबाबदारी मानसोपचारतज्ज्ञावर आणि संस्थेवर ठेवली आहे, शिक्षा मात्र बारा तास उभ्या असलेल्या माणसाला झाली. त्याचं नाव तर दवाखान्याच्या आस्थापनेवर नव्हतंच. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्याच काळात, १९४६ साली, कारखान्यांतल्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. आज आपली पोरं दवाखान्यात बारा-बारा तासांची पाळी करतात आणि त्याला नोकरी म्हणतात.

आता नीट बघा, वॉर्डात कुणाचा हात कशावर आहे. डॉक्टरचा हात पेनावर. सिस्टरचा सुईवर. मामाचा हात माणसावर. लाथ खाणारा, चावा घेतला जाणारा, अंगावर लघवी-उलटी झेलणारा मामा. माझ्याबरोबर काम केलेले बहुतेक मामा-मावश्या बौद्ध, मातंग, वडार आणि मुस्लिम वस्त्यांतल्या होत्या. मानसोपचारतज्ज्ञांत तसं कुणी नव्हतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिलं की जात ही श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, तीही उतरंडीने. पुस्तक उघडून तपासायची गरज नाही. कुठल्याही मनोरुग्ण वॉर्डात एक रात्र उभे राहा. गटारात उतरायला बंदी करणारा कायदा २०१३ सालचा आहे, तरी ठेकेदार माणूस उतरवतोच. इथंही तोच साचा आहे. वर कायदा, खाली ठेका आणि मधे कुणीच जबाबदार नाही.

ठेक्याचा आणखी एक फायदा व्यवस्थेला आहे, तो आपण विसरता कामा नये. सरळसेवा भरती असेल तर बिंदुनामावली लागते, जातीची टक्केवारी लागते, पदोन्नतीचा रस्ता निघतो. ठेकेदाराला बिंदुनामावली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्ययंत्रणेमार्फत भरतीचा मोठा निर्णय काढला, राज्यभर पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. आपण विजय साजरा केला. पण दवाखान्यांतली सफाई आणि हेल्परची कामं ठेक्यावरच राहिली, त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढला? खालच्या पायरीवर आपली माणसं शंभर टक्के आणि वरच्या पायरीवर 'पात्र उमेदवार उपलब्ध नाही'.

इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगतो. डेव्हिड बेनेट नावाचा कृष्णवर्णीय माणूस, लोक त्याला रॉकी म्हणायचे. ३० ऑक्टोबर १९९८ च्या रात्री नॉर्विचच्या एका मनोरुग्णालयात दुसऱ्या रुग्णाने त्याला वंशावरून शिव्या दिल्या, दोघांची मारामारी झाली, वॉर्ड बदलला तो मात्र रॉकीचा. का म्हणून आपल्यालाच हलवलं, या रागात त्याने एका नर्सला मारलं. मग पाच जणांपर्यंत कर्मचाऱ्यांनी मिळून त्याला पालथं पाडून सुमारे पंचवीस मिनिटं दाबून धरलं. तो मेला. वय ३८. माणूस पालथा असताना पाठीवर वजन आलं की छाती फुगत नाही. तो श्वासासाठी धडपडतो, ती धडपड बघून धरणाऱ्याला वाटतं की हा अजून खवळलेला आहे आणि तो जास्त जोराने दाबतो. त्याची बहीण वर्षानुवर्षं लढली. चौकशी झाली आणि त्या चौकशीने ब्रिटनच्या आरोग्यसेवेत संस्थात्मक वंशवाद आहे असं लिहून दिलं. पालथं तीन मिनिटांपेक्षा जास्त धरायचं नाही अशी शिफारस केली. पुढे २०१० साली ओलासेनी लुईस नावाचा २३ वर्षांचा पोरगा दवाखान्यातच अकरा पोलिसांनी धरल्यावर गेला. त्याच्या आईबापांच्या लढ्यातून २०१८ साली तिथं कायदा झाला. मनोरुग्णालयात बळ कसं वापरायचं, कर्मचाऱ्यांना काय शिकवायचं, नोंद कशी ठेवायची, याचा कायदा. त्याला सेनीचा कायदा म्हणतात.

त्या लोकांनी एक शब्द मिळवला, संस्थात्मक वंशवाद. आपल्याकडे अशा मृत्यूच्या कागदावर 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच येतं. मनोरुग्ण वॉर्डातली जात हा विषय आपल्या एकाही आयोगासमोर गेलेला मला माहीत नाही. जाणार कसा? आपणच तो काढत नाही.

आणि परभणीत बसून आपण तो काढत नसू तर कमालच आहे. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. सरकारने विधिमंडळात सांगितलं, आरोपी मनोरुग्ण आहे. विषय संपला! त्यानंतर वस्त्यांत पोलीस शिरले, १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत गेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला शॉक असं कारण आलं. गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश यावा लागला, तो जुलै २०२५ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. हे तुम्हाला सगळं पाठ आहे. मला बोलायचंय ते त्या एका शब्दाबद्दल.

आपल्या पोरांचा सवाल रास्त आहे की वेडे लोक नेमके बाबासाहेबांच्याच पुतळ्याकडे कसे जातात? मी पुढे जाऊन म्हणतो, मनोरुग्ण असला तरी प्रश्न सुटत नाही. आजार माणसाला द्वेषाची भाषा देत नाही, ती त्याला गावातून, टीव्हीवरून, मोबाईलवरून मिळते. आणि सरकारला तो आजारी आहे हे ठाऊक होतं म्हणता, तर उपचाराचं काय केलं तेही सांगा. कलम १०० प्रमाणे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात नेणं पोलिसांचं कर्तव्य आहे, त्याला कोठडीत ठेवता येत नाही. कलम १०१ प्रमाणे घरात हाल होत असतील तर दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं. सरकारला हा शब्द फाइल बंद करायला आठवतो, उपचार करायला आठवत नाही.

पण त्याच वेळी आपल्या मोर्चात, आपल्या पोस्टींत 'वेडा', 'येडं', 'येरवड्याला पाठवा' हे शब्द शिवीसारखे फिरत होते, तेही मी ऐकलंय. ज्या वस्तीतून त्या घोषणा उठल्या त्याच वस्तीत दर दोन गल्ल्यांआड एक घर असं आहे जिथं पोराला मागच्या खोलीत कोंडून ठेवलंय, कारण न्यायचं कुठे? राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. परभणीहून येरवडा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या प्रवासाला गाडी करायची तर शेतमजुराची महिन्याची कमाई जाते, म्हणून आधी बाबा-बुवा, मग दोरी. ज्या शब्दाने आपण शत्रूला झोडतो तो शब्द आपल्याच त्या मागच्या खोलीतल्या पोराच्या अंगावर पडतो.

यावर आपले काही ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणतात, "अरे, मानसिक आरोग्य वगैरे श्रीमंतांची थेरं आहेत. आधी जमीन, अत्याचार, शिष्यवृत्ती." निमहान्सने २०१५-१६ साली १२ राज्यांत सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, कमी उत्पन्नाच्या घरांत प्रमाण जास्त होतं आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. हे श्रीमंतांचं दुखणं असतं तर गावोगाव एवढी माणसं उपचाराविना राहिली नसती. आपल्या परभणीत तर शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी सरकारनेच प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताईंना घरोघर प्रश्नावली घेऊन पाठवलं. माणूस सापडला तर पुढे न्यायचा कुठे, हा प्रश्न त्या आशाताईच्याच डोक्यावर राहिला.

दुसरा आक्षेप तरुणांचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "दादा, बाबासाहेब म्हणाले शिका, मोक्याच्या जागा पकडा. तुम्ही आम्हाला पुन्हा वॉर्डबॉयच करायला निघालात काय?" नाही. मी म्हणतो, जे काम आपण करतोच आहोत त्याला ज्ञान म्हणून मान्यता घ्या. भंगलेल्या मनाला सावरणं हे कौशल्य आहे. ते कौशल्य आहे हे मान्य झालं की त्याला अभ्यासक्रम लागतो, प्रमाणपत्र लागतं, वेतनश्रेणी लागते आणि वर चढायचा जिना लागतो. आज मामा तीस वर्षं मामाच राहतो. आणि सोबतच मानसोपचाराच्या एम.डी.च्या, मानसशास्त्राच्या, नर्सिंगच्या जागाही आपल्या पाहिजेत. २०२३ पासून परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मनोविकार विभागात अशी प्रशिक्षित, कायम, आरक्षणासहित भरलेली पदं मागायला आपल्याला कोण अडवतंय?

आपल्या धम्मातली पटाचाराची गोष्ट विहारात सगळ्यांनी ऐकली आहे. नवरा, दोन लेकरं, आईबाप, भाऊ सगळे गेल्यावर ती उघडी फिरायची, लोक वेडी म्हणून ढेकळं मारायचे. ती सभेकडे आली तेव्हा माणसं तिला अडवायला धावली. बुद्धांनी त्यांना थांबवलं, तिला जवळ येऊ दिलं, बहीण म्हणून हाक मारली, भानावर ये म्हणाले. सभेतल्या एकाने अंगावरचं वस्त्र तिच्याकडे टाकलं. ती पांघरून बसली, मग बोलली. कुणी तिला धरलं नाही. आमचे जुने मामा बौद्धच होते, ही गोष्ट त्यांना माहीत असणार. पण मी त्यांना ती विचारली तेव्हा म्हणाले, "गोष्ट बरी हाय, पण तिथं रात्रपाळीला दोनच माणसं नव्हती." या उत्तराचा अर्थ भन्तेंनीही लक्षात घ्यावा. करुणेला मनुष्यबळ लागतं आणि मनुष्यबळाला बजेट लागतं.

तर काम काय करायचं. कलम ९७ चा मासिक अहवाल हे आपलं हत्यार आहे. सरकारी दवाखान्याला थेट माहिती अधिकारात विचारा. खाजगी दवाखान्याचं विचारायचं तर अहवाल ज्या पुनरावलोकन मंडळाकडे जायला हवा त्या मंडळाला आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला विचारा. मागच्या बारा महिन्यांत किती रुग्णांना बांधलं, किती वेळ, मंजुरी कुणाची, रात्रपाळीला वॉर्डात किती कर्मचारी होते, त्यांना रुग्ण शांत करण्याचं प्रशिक्षण कधी आणि कुणी दिलं, ते कायम आहेत की ठेक्यावर, ठेकेदाराशी केलेल्या कराराची प्रत. रुग्णाचं नाव मागू नका, ते गोपनीय आहे आणि राहिलं पाहिजे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा इथल्या साथींनी मागून घ्यावा, आणि अर्ज टाकायच्या आधी आपल्या गावातला एक तरी मामा किंवा मावशी गाठून तो त्यांना वाचून दाखवावा. रजिस्टरात काय लिहिलं जात नाही, ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.